ग्रेडलची डेप्रिकेशन वॉर्निंग आली की काय करायचं

ग्रेडल म्हणजे कोडपासून ॲप बांधून देणारं टूल. त्यात बिल्ड सक्सेसफुल आलं की खालच्या ओळी कोणी वाचत नाही, पण 'डेप्रिकेटेड ग्रेडल फीचर्स वेअर यूज्ड' दिसलं तर थांबा. आज चालतंय ते पुढच्या मेजर व्हर्जनला बंद पडणार, असं ते सांगतंय.

परवा टीममधला राजेंद्र नगरचा नवा मुलगा म्हणाला, दादा, हा मेसेज काही सांगतच नाही, चूक कुठंय? खरंय, कारण डिफॉल्ट मोड समरी असतो. कमांडच्या शेवटी डॅश-डॅश-वॉर्निंग-मोड ऑल लावा, मग एकेक वॉर्निंग उलगडते, बरेचदा फाइल आणि लाइन नंबरसकट. मोड नन (सगळ्या वॉर्निंग लपवणारा) मात्र करू नका, प्लीज. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये कोणीतरी तो करून ठेवला होता, ग्रेडल सहावरून थेट सातवर उडी मारली आणि 'कुड नॉट फाइंड मेथड कंपाइल', कारण २०२१ च्या ७.० मध्ये कंपाइल (डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरची लायब्ररी जोडायचा जुना शब्द) काढूनच टाकलं होतं, वॉर्निंग कितीतरी आधीपासून येत होती पण दिसणार कुणाला! त्या रात्री इंदूरच्या सराफ्यात खायला जायचं ठरलेलं, सगळे ऑफिसातच बसलो.

आणि तेव्हा सगळीकडे कंपाइलच्या जागी डोळे झाकून इम्प्लिमेंटेशन टाकलं तर नवीनच एरर आल्या. लायब्ररी मॉड्यूलच्या पब्लिक फंक्शनमध्ये ज्या डिपेंडन्सीचे टाइप दिसतात तिथे एपीआय लागतं, बाकी ठिकाणी इम्प्लिमेंटेशन.

वॉर्निंग तुमच्या स्क्रिप्टची की प्लगइनची (ग्रेडलला जोडलेल्या तयार भागाची), हे आधी बघा, डॅश-डॅश-स्टॅकट्रेस लावलं की कळतं. प्लगइनची असेल तर तुमच्या फाइलमध्ये शोधत बसू नका, प्लगइनचं व्हर्जन वाढवा. मी तर प्लगइन आधी अपडेट करतो, पुष्कळ वॉर्निंग तिथेच जातात.

स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये हमखास सापडणारं म्हणजे बिल्डडिर (बिल्डचं आउटपुट जातं तो फोल्डर), ८.३ पासून डेप्रिकेटेड. त्याऐवजी लेआउट डॉट बिल्डडिरेक्टरी, पण नुसतं नाव बदलून भागत नाही, हा प्रोव्हायडर आहे, म्हणजे थेट पाथ नाही, मागितल्यावर पाथ देणारा ऑब्जेक्ट, स्ट्रिंगमध्ये चिकटवला तर पाथ बिघडतो. रिपोर्ट्सचा फोल्डर हवा तर त्यावर डॉट डिर करून 'रिपोर्ट्स' द्या.

मेजर बदलताना आधी जुन्या मालिकेतल्या शेवटच्या व्हर्जनवर या, म्हणजे आठवर जायचं तर आधी ७.६, तिथे सगळ्या वॉर्निंग संपवा, मगच रॅपर (प्रोजेक्ट कुठलं ग्रेडल वापरणार ते ठरवणारा भाग) बदला. आणि एकदा साफ झालं की सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) वॉर्निंग मोड फेल करून टाका, नवी वॉर्निंग घुसली की बिल्डच पडतं आणि ज्याने ती लाइन टाकली त्यालाच त्याच दिवशी कळतं.