अभिजात विज्ञानकथांची मालिका खपत नाही? या चुका टाळा

मालिका थाटात निघते आणि वर्षभरात दुकानांतून गठ्ठे परत येऊ लागतात. मग निदान ठरलेलं असतं: जुनी विज्ञानकथा आता कोणी वाचत नाही. मला हे निदान चुकीचं वाटतं. दोष बहुतेक वेळा छापणाऱ्याच्या निवडीत असतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे फुकटचा अनुवाद उचलणं. ज्यूल व्हर्न यांच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’चा १८७०च्या दशकातला पहिला इंग्रजी अनुवाद पाहा. अनुवादक मर्सिए यांनी मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळला आणि पाणबुड्याच्या पोशाखाचं चक्क ‘कॉर्क जॅकेट’, म्हणजे पाण्यावर तरंगवणारं बुचाचं जाकीट, केलं! त्यावर कोणाचा हक्क उरला नाही, म्हणून तो पुढे कित्येक दशकं पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि व्हर्न म्हणजे मुलांसाठी लिहिणारा ढोबळ लेखक, असा इंग्रजी वाचकांचा समज घट्ट झाला. असा मजकूर देखण्या मुखपृष्ठात घातला तरी वाचक तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटतो, आणि मालिकेतलं दुसरं घेत नाही. पैसे मोजायचेच असतील तर आधी नव्या अनुवादावर मोजा.

मूळ भाषेतलं पुस्तक असेल तर अडचण वेगळी. एच. जी. वेल्स १९४६ साली वारले; जिथे लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं टिकण्याचा नियम आहे, तिथे त्यांचं लेखन २०१७ पासून खुलं आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. तोच मजकूर स्कॅन करून, मुद्रितशोधन न करता छापलात तर वाचकानं पैसे कशाचे द्यायचे? टिपा द्या, जाणकाराची प्रस्तावना द्या, आणि कोणती आवृत्ती छापली ते सांगा. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची १८१८ची आणि लेखिकेनं सुधारलेली १८३१ची संहिता यांत खरोखर फरक आहे. प्रस्तावनेत शेवट फोडायचा असेल, तर ती कथेनंतर ठेवा.

मलपृष्ठावर ‘लेखकाचं भाकीत खरं ठरलं’ असं लिहिणंही टाळा. मरिनर ४ यानानं १९६५ साली मंगळाची विवरांनी भरलेली ओसाड जमीन दाखवली, तरी मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या हल्ल्याची १८९८ची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही वेल्स यांची कादंबरी वाचकाला धरून ठेवते. कारण पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण देतात, आणि आक्रमण सोसणं म्हणजे काय हे साम्राज्यात सुखानं राहणाऱ्या वाचकाला अनुभवायला लावतात. मलपृष्ठावर हे यायला हवं.

पुस्तकाच्या कण्यावर छापलेल्या मालिका-क्रमांकांचाही विचार करा. सात क्रमांकाचं पुस्तक हातात घेणाऱ्याला पहिली सहा आधी वाचायला हवीत, असं वाटू शकतं. १९९९ साली सुरू झालेल्या ‘एसएफ मास्टरवर्क्स’ या टिकलेल्या मालिकेनंही २०१०च्या नव्या मांडणीत क्रमांक काढून टाकले.

मालिका आधीच अडकली असेल तर सगळी एकदम बंद करू नका. कोणतं पुस्तक एकट्यानं खपलं, ते शोधा. त्याची पुढची आवृत्ती मालिकेचं नाव बारीक आणि लेखकाचं नाव ठळक छापून काढा, आणि उरलेल्यांपैकी ज्यांचा मजकूर सदोष आहे ती दुरुस्त होईपर्यंत बाजारातून काढून घ्या.