पायथॉनचं छोटं अपडेट आणि 4300 अंकांची मर्यादा

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 3.10.6 आवृत्तीवरून 3.10.7 वर जाताना फक्त शेवटचा आकडा बदलतो, एवढ्यावरून चेंजलॉग (बदलांची यादी) न वाचता पुढे जाऊ नका. सप्टेंबर 2022 च्या या आवृत्तीपासून 4300 पेक्षा जास्त अंकांचा पूर्णांक दशमान स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अंकांच्या मजकुरात, बदलायला गेलात, की व्हॅल्यूएरर हा एरर येतो. उलट दिशेनेही तेच. 1500 चं फॅक्टोरियल (1 ते 1500 चा गुणाकार) 4115 अंकी, ते निमूट छापलं जातं. 2000 चं 5736 अंकी, तिथे प्रोग्रॅम थांबतो. गुणाकार बिनचूक झालेला असतो, अडतं ते छापताना.

कारण रास्त आहे. अंक दुप्पट झाले की या रूपांतराला साधारण चौपट वेळ लागायचा, त्यामुळे कुणीही लाखो अंक पाठवून सर्व्हर अडकवून ठेवू शकत होतं. 3.7 ते 3.9 च्या शाखांनाही ही दुरुस्ती मिळाली.

मोठी संख्या फाइलमध्ये साठवायची असेल तर हेक्स (16 च्या पायाची लेखनपद्धत) वापरा, त्याला ही मर्यादा नाही. दशमानच हवं असेल तर पायथॉनच्याच सिस (sys) मॉड्यूलमधून मर्यादा गरजेपुरती वाढवा. शून्य दिलं की ती पूर्ण उठते, पण बाहेरून डेटा घेणाऱ्या सर्व्हरवर तसं करू नकाच.