फर्मवेअर कुलूपबंद असलेली पोर्टेबल हार्डडिस्क बंद पडल्यास काय करावे

पोर्टेबल हार्डडिस्क जोडल्यावर दिवा लागतो, आतली चकती फिरत असल्याचे हाताला जाणवते, पण संगणकावर ड्राइव्हचे अक्षर उमटत नाही किंवा क्षमता शून्य दिसते. राजारामपुरीतल्या लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या स्टुडिओंपासून उद्यमनगरात कास्टिंगची ड्रॉइंग सांभाळणाऱ्या कारखान्यांपर्यंत ही तक्रार कोल्हापुरात सर्वत्र ऐकू येते. अशा वेळी माहिती अनेकदा चकतीवर शाबूत असते आणि तिचे खरे नुकसान त्यानंतर घाईघाईने केलेल्या उपायांनी होते. म्हणून प्रत्येक पायरीवर, पुढे जायचे की थांबायचे, हे आधी ठरवावे.

सुरुवात केबलपासून करावी. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह देण्यास बांधील असतो, त्यामुळे हब किंवा लांब केबल टाळून, शक्यतो डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला, दुसऱ्या आखूड केबलने ड्राइव्ह एकदाच जोडून पाहावी. त्या वेळी कान जवळ नेऊन आवाज ऐकावा. चकतीचा सलग, मंद घरघराट चांगला. ठरावीक अंतराने टकटक येत असेल तर हेड (चकतीवरून माहिती वाचणारे सूक्ष्म भाग) निकामी झाल्याची शक्यता मोठी असते, आणि बारीक बीप येऊन चकती फिरतच नसेल तर हेड चकतीला चिकटलेले असू शकतात किंवा मोटर अडकलेली असू शकते. या दोन्ही आवाजांवर वीज ताबडतोब काढावी आणि ड्राइव्ह पुन्हा जोडू नये. झाकण तर घरी कधीच उघडू नये, कारण हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतात आणि धुळीचा एक कणही पृष्ठभाग ओरखडण्यास पुरेसा ठरतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी परिसरातल्या दुकानांत पाणी शिरले होते, म्हणून भिजलेल्या ड्राइव्हबद्दलही सांगणे आवश्यक आहे. तिला वीज देऊ नये, उन्हात वा हेअर ड्रायरने वाळवू नये आणि तांदळातही ठेवू नये. आतला गाळ चकतीवर सुकला की काढणे फार अवघड होते, म्हणून ओलसर फडक्यात गुंडाळून, बंद पिशवीत घालून ती माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पोहोचवावी.

आवाज निर्दोष असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहावे. क्षमता बरोबर दिसते, पण फॉरमॅट करण्याची सूचना येते, असे असल्यास ती सूचना नाकारावी आणि दुरुस्तीची चेकडिस्क आज्ञाही चालवू नये. एसएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या) अनेक ड्राइव्हना ट्रिम, म्हणजे ‘ही जागा आता रिकामी समजा’, ही आज्ञा समजते. अशा ड्राइव्हवर जलद फॉरमॅट केले तरी फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे तिच्या आतले सॉफ्टवेअर, जुन्या जागांची नोंद सोडून देते आणि नंतर वाचताना केवळ शून्ये मिळतात. त्याऐवजी, ड्राइव्ह आपोआप माउंट होणार (वापरासाठी उघडली जाणार) नाही अशी व्यवस्था केलेल्या लिनक्स पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने मोठ्या क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्यावी. पहिल्या फेरीत अवघड भाग खरवडण्याचा टप्पा वगळावा आणि नोंदफाइल अवश्य ठेवावी, म्हणजे काम थांबले तरी तिथूनच पुढे चालू करता येते. फाइल शोधण्याचे सॉफ्टवेअर नेहमी या प्रतीवर चालवावे, मूळ ड्राइव्हवर नव्हे.

क्षमता शून्य दिसत असेल, किंवा ड्राइव्ह नेहमीच्या मॉडेल क्रमांकाऐवजी एखाद्या कारखानी नावाने ओळख देत असेल, तर संशय फर्मवेअरवर घ्यावा. फर्मवेअरचा मोठा भाग ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर नसून चकतीवरच, सर्व्हिस एरिया नावाच्या राखीव पट्ट्यात असतो. त्यातले ट्रान्सलेटर हे कोष्टक कोणता तार्किक सेक्टर (संगणकाला दिसणारा माहितीचा क्रमांकित तुकडा) प्रत्यक्षात कुठे आहे हे सांगते. भूमापनाचा नकाशा हरवला म्हणून शेत नाहीसे होत नाही, पण बांध कुठला कोणाचा हे सांगता येत नाही, तशीच ही अवस्था असते. एसएमआर ड्राइव्हमध्ये तर लेखन चालू असताना बदलत राहणारा दुसऱ्या पातळीचा नकाशाही असतो, आणि तोच जास्त वेळा बिघडतो.

इथे दोन वेगळी कुलपे आहेत आणि त्यांची गल्लत सर्वाधिक घातक ठरते, असे माझे ठाम मत आहे. पहिले कुलूप फर्मवेअरचे. सीगेटच्या रोझवुड कुळासारख्या नव्या ड्राइव्हमध्ये निदानाचा सीरियल पोर्ट (तंत्रज्ञांसाठीचा बोर्डावरचा जोड) बंद ठेवलेला असतो, आणि डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) अलीकडच्या बोर्डांवरही सर्व्हिस एरियात बदल करण्यास अटकाव असतो. दुसरे कुलूप एन्क्रिप्शनचे, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बदलण्याचे. डब्ल्यूडीच्या माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलांमध्ये यूएसबीचा जोड थेट बोर्डावर असतो आणि पासवर्ड ठेवला नसला तरी माहिती एन्क्रिप्ट होऊनच चकतीवर उतरते. यामुळेच, यूएसबीऐवजी सॅटा जोड असलेला बोर्ड लावून ड्राइव्ह वाचता आली तरी पहिल्या सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइट्समध्ये ५५ आणि एए ही नेहमीची खूण न दिसता निव्वळ अर्थहीन आकडे दिसू शकतात. पहिले कुलूप योग्य साधनांनी उघडता येते. दुसऱ्यासाठी मूळ बोर्ड आणि, पासवर्ड ठेवलेला असल्यास, तोही लागतो. म्हणून मूळ बोर्ड कधीही टाकून देऊ नये.

सारखाच दिसणारा दुसरा बोर्ड लावण्याचा सल्ला बाजारात सहज मिळतो, पण त्या विशिष्ट ड्राइव्हच्या हेडसाठी जुळवलेली मूल्ये बोर्डावरच्या रॉम या स्मृतीच्या चिपमध्ये असतात आणि ती हलवल्याशिवाय नवा बोर्ड सहसा उपयोगी पडत नाही. त्याहून मोठा धोका इंटरनेटवरच्या जुन्या आज्ञांचा आहे. २००९ च्या सुमारास सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ ड्राइव्ह फर्मवेअरच्या दोषाने अडकत, तेव्हा सीरियल केबल जोडून ट्रान्सलेटर पुन्हा तयार करण्याचा उपाय लागू पडला, कारण तो पोर्ट खुला होता आणि नकाशाही साधा होता. तीच आज्ञा आजच्या एसएमआर ड्राइव्हवर चालवली तर शिल्लक नकाशाही पुसला जाऊन माहिती कायमची हातची जाऊ शकते.

म्हणजे फर्मवेअरचा बिघाड दिसला की घरचे काम संपते. प्रयोगशाळेत पीसी-३००० सारख्या साधनाने आधी रॉम आणि सर्व्हिस एरियाची प्रत घेतली जाते, मग तांत्रिक प्रवेश उघडून ड्राइव्हची पार्श्वभूमीतली कामे थांबवली जातात आणि त्यानंतरच नकाशा दुरुस्त करून सेक्टर वाचले जातात. ड्राइव्ह पुण्या-मुंबईला पाठवण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. या नेमक्या मॉडेलचे फर्मवेअर त्यांना उघडता येते का? बदल करण्याआधी फर्मवेअरच्या मूळ मॉड्यूलची प्रत ते घेतात का? एन्क्रिप्ट झालेली माहिती उलगडण्याची सोय त्यांच्याकडे आहे का? तपासणीचे शुल्क आणि माहिती न मिळाल्यास द्यावी लागणारी रक्कम लेखी घ्यावी. उत्तरे मोघम असतील तर दुसरी प्रयोगशाळा पाहावी.

पाठवताना ड्राइव्ह अँटिस्टॅटिक पिशवीत, सर्व बाजूंनी जाड फोम असलेल्या खोक्यात ठेवावी. सोबतच्या कागदावर बिघाड कसा सुरू झाला, ड्राइव्ह पडली होती का, आजवर कोणी काय करून पाहिले आणि कोणत्या फाइली सर्वांत आधी हव्यात, हे काहीही न लपवता लिहावे, कारण हेड कमकुवत असतील तर वाचनाचा क्रम त्यावरूनच ठरवता येतो. माहिती परत आल्यावर फाइलींची नावे आणि आकार पाहून समाधान मानू नये. ड्रॉइंग आणि छायाचित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत, त्यांच्या दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात आणि ही तपासणी पुरी होईपर्यंत प्रयोगशाळेला त्यांच्याकडची प्रत पुसू देऊ नये.