खेळाडूची प्रशिक्षक होताना: कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ कसा उभा करावा

चांगली खेळाडू प्रशिक्षक झाली की पहिल्या महिन्यात हमखास एक चूक करते. मुलींना जमत नाही म्हटल्यावर स्वतः मैदानात उतरते आणि करून दाखवते. स्मॅश झकास बसतो, मुली टाळ्या वाजवतात, आणि शिकत कोणीच नाही. खेळताना लागलेली सवय म्हणजे चेंडूमागे धावणारी नजर. ती मोडायला वेळ लागतो. सरावात एण्ड लाइनच्या मागे वही घेऊन उभ्या राहा आणि दहा रॅलींत चेंडूकडे बघायचंच नाही असं ठरवा. चेंडू पलीकडे असताना आपली सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी मुलगी, कुठे उभी आहे? ब्लॉकरचे हात कमरेखाली गेलेत का? मुली गुण का देतात याचं उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

आधी कागदांचं बघू. कॉलेजमध्ये शारीरिक शिक्षण संचालक म्हणून कायम पद हवं असेल तर यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी लागते. त्याशिवाय नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा, खेळाडू म्हणून प्रतिनिधित्वाची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. चाचणीत ३० वर्षांपर्यंतच्या महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर पूर्ण करावे लागतात; नियमित खेळणाऱ्या मुलीला हे हसू येण्याइतकं सोपं वाटेल, पण खेळ सुटून चार वर्षं झाली की तसं राहत नाही. केवळ संघाची प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा सगळ्यात वजनदार. नोकरी सोडता येत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. बरीच कॉलेजं हंगामापुरतं मानधन देतात. तेव्हा नेमणूक पत्रात सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून घ्या. तारखांशिवायचा अनुभव दाखला पुढे छाननीत अडकतो.

मैदान हाती आलं की पहिल्या दिवशी टेप घ्या. मुलींची नेट मधोमध २.२४ मीटर, आणि दोन्ही साइड लाइनवर सारखी, २.२६ च्या वर नाही. अँटेना, म्हणजे नेटला लावलेली उभी काठी, साइड लाइनच्या बरोबर वर, नेटच्या वरच्या कडेपासून ८० सेंटिमीटर उंच. मुलांचा संघ त्याच मैदानावर आधी खेळून गेला असेल तर नेट २.४३ वर राहिलेली असते, आणि घाईत कोणी खाली घेत नाही. असं महिनाभर चाललं की मुली चेंडू दाबून मारायचं सोडून नेटवरून उचलून टाकायला लागतात, मग स्पर्धेत बरोबर उंचीवरही तेच करतात. मुरमाच्या मैदानावर खांब झुकतात आणि वायर सैल पडते, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो असावा. एप्रिलच्या उन्हात पडलेला टम्म चेंडू मनगटावर बसला की नवी मुलगी हात मागे ओढायला शिकते. ती सवय मोडणं फार कठीण. शंभर-दोनशे रुपये वाचवायला प्रेशर गेज टाळू नका.

सराव आखताना रांगा मोडा. बारा मुली एका रांगेत, प्रत्येकीला पाच सेकंद, म्हणजे मिनिटाला एक स्पर्श आणि पंधरा मिनिटांत पंधरा. त्याच पंधरा मिनिटांत जोड्या पाडून दर चार सेकंदांनी चेंडू फिरवला तर प्रत्येकीच्या वाट्याला शंभरावर स्पर्श येतात. त्यासाठी किमान सहा चेंडू लागतात. दोन चेंडूंत संघ उभा राहत नाही हे क्रीडा समितीला पहिल्याच बैठकीत सांगा.

दीड तासाच्या सरावाची वाटणी अशी चालते: १२ मिनिटं वॉर्मअप आणि उडी मारून उतरणं, १० मिनिटं जोडीने अंडरहँड व फिंगरिंग, २५ मिनिटं सर्व्हिस आणि रिसीव्ह (समोरून आलेली सर्व्हिस घेणं), १८ मिनिटं अटॅक-ब्लॉक, २० मिनिटं रिसीव्हपासून सुरू होणारा सहा विरुद्ध सहा खेळ, शेवटी ५ मिनिटं स्ट्रेचिंग. सर्व्हिस-रिसीव्हला इतका वेळ का? आंतरमहाविद्यालयीन पातळीवर मुलींचे बहुतेक सेट स्मॅशने नाही, सर्व्हिसवर सुटतात. म्हणून रिसीव्हची नोंद ठेवा. चेंडू सेटरच्या डोक्यावर गेला आणि तिला सगळे पर्याय खुले असतील तर ३ गुण. तिला दोन पावलं जावं लागलं आणि फक्त बाजूला लिफ्ट देता आली तर २, कसाबसा वर राहिला तर १, गेला तर ०. दहा रिसीव्हचे ३, ३, २, १, २, ०, ३, २, १, २ असे आले तर बेरीज १९, सरासरी १.९. एखादी मुलगी सरावात २.२ वर आणि सामन्यात १.३ वर येत असेल तर दोष हातात नसतो. तिला सामन्यात कोणती सर्व्हिस पडते आणि चेंडू घ्यायला ती कुठून येते ते तपासा. बहुधा शेजारणीशी ‘मी’ कोण म्हणणार हे ठरलेलं नसतं.

सेटर एकच भरवशाची असेल तर ५-१ (पाच अटॅकर, एक सेटर), दोन साधारण असतील तर ४-२ (चार अटॅकर, दोन सेटर, लिफ्ट पुढच्या ओळीतली देते). नव्या संघाला ६-२ देऊ नका, मागून पळत येणाऱ्या सेटरच्या नादात रिसीव्ह मोडतो. ५-१ मध्ये बरेच रोटेशन फॉल्ट, म्हणजे ठरलेल्या जागांचा क्रम मोडण्याच्या चुका, सेटर पाचव्या जागी (मागच्या ओळीत डावीकडे) असताना होतात. रिसीव्ह करताना तिने चौथ्या जागेवरच्या मुलीच्या मागे आणि सहाव्याच्या डावीकडे असणं बंधनकारक आहे. घाईत ती आधीच पुढे सरकते आणि शिट्टी वाजते. उपाय सोपा: चौथीला नेटजवळ उभी करा, सेटर तिच्या पाठीशी. सहाही रोटेशन खडूने मैदानावर काढून चेंडूविना चालवून घ्या.

प्रत्येक सेटच्या आधी पोझिशन स्लिप, म्हणजे कोण कुठल्या जागी सुरू करणार याची चिठ्ठी, स्वतःच्या हाताने भरा आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. स्लिप दिल्यावर चूक कळली तर बदली खर्च होते, आणि सेटला त्या सहाच असतात. सुरुवातीची खेळाडू बाहेर गेली तर एकदाच परत येते, तेही तिच्या बदली आलेल्या मुलीच्याच जागी. यूट्यूबवरचे अमेरिकन कॉलेजचे सामने जरूर बघा. २०२३ मध्ये नेब्रास्काच्या मुलींचा सामना बघायला ९२,००३ लोक आले होते, तिथला खेळ बघण्यासारखाच असतो. पण त्यांची योजना उचलू नका. तिकडे सेटला १५ बदल्या चालतात आणि लिबेरो (फक्त मागच्या ओळीत खेळणारी बचावपटू) सर्व्हिसही करते. आपल्याकडे तोच आराखडा बसवला की पहिल्या सेटच्या मध्यात बदल्या संपतात. टाइमआउट सेटला दोन, प्रत्येकी ३० सेकंदांचे. पहिली दहा सेकंद पाणी पिऊ द्या, मग दोनच गोष्टी सांगा: सर्व्हिस कुठे टाकायची आणि रिसीव्हमध्ये कोण कुठे सरकणार.

गुडघ्याबाबत हयगय नको. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे आणि तो बहुतेक वेळा कोणाच्या धक्क्याशिवाय, उडीवरून उतरताना फाटतो. समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना गुडघे आत वळतात का? एकाच पायावर वजन येतं का? दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून उतरायचा सराव आठवड्यातून तीनदा घ्या. जोराच्या उड्यांचे दोन दिवस लागोपाठ ठेवू नका. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं अशी तक्रार आली की स्मॅश बंद, रिसीव्ह चालू. मुली दुखणं लपवतात, कारण संघातून काढतील ही भीती असते. पाळीत सराव करायचा की नाही हे मुलीला ठरवू द्या आणि तिला कारण सर्वांसमोर सांगावं लागू नये. सतत दम लागणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

बाहेरगावी स्पर्धा असेल तर प्रत्येक मुलीचं पालकांचं संमतीपत्र, ओळखपत्र, बोनाफाइड आणि पात्रता अर्जाच्या दोन प्रती वेगळ्या फाइलमध्ये. मुक्कामाच्या खोलीला आतून कडी आहे आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे हे आधी फोन करून विचारा. अकरावी-बारावीच्या मुली विद्यापीठाच्या संघात धरू नका. त्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतात. मिसळलात तर संघ बाद होतो.

पुढच्या वर्षाची सेटर मात्र त्याच शालेय स्पर्धांत सापडते. तालुका आणि जिल्ह्याचे सामने बघायला जा, नावासोबत तिची शाखाही लिहून ठेवा. बारावी विज्ञानाची मुलगी केवळ कला-वाणिज्य असलेल्या कॉलेजात सहसा येत नाही, आणि हे जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत कळलं तर फार उशीर झालेला असतो.