पद्मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स घरी बसवायच्या आधीची तयारी

इंजिन बोअर होऊन आलंय, गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) बदलून झाल्यात, आता येत्या रविवारी दोन्ही गाडीत बसवायचं ठरलंय. गाडी आमच्या वडलांची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, ओढ मागच्या चाकांना. इथं सोलापुरात असली जुनी गाडी घरात ठेवलेले बरेच जण आहेत आणि मिस्त्री मिळत नाही म्हणून घरीच हात घालायचा विचार करतात, तर त्यांनी हे आधी वाचावं. इंजिन खाली सोडायला तास-दीड तास लागतो पण त्याच्या आधीच्या तयारीला मला तीन दिवस पुरले नाहीत, आणि एकदा इंजिन साखळीला लटकलं की कुणीही काहीही आणायला दुकानात पळायचं नाही, हे मी अगदी पक्कं धरलंय.

आधी जागा बघा. आमच्या पोर्चमधे शहाबादी फरशी आहे, तिच्यावर जॅक स्टँडचा पाय थेट टेकला की फरशी तडकते आणि स्टँड कलंडतो, म्हणून खाली जाड फळी पाहिजेच. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे गाडीखाली अजिबात नाही, ते न सांगता फुटतात. भाड्यानं इंजिन क्रेन आणणार असाल तर तिची बारकी चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात, तिथंही प्लायवूड अंथरा. मी मात्र शेजारच्या यंत्रमागवाल्या काकांची एक टनाची चेन कुप्पी (साखळीनं वजन उचलायची कप्पी) आणि लोखंडी पाइपची तिवई घेतलीय. वजन दोन क्विंटलच्या आतच धरा, तरी कुप्पी एक टनाचीच पाहिजे, आणि पत्र्याच्या शेडच्या पाइपला किंवा पंख्याच्या हुकाला लटकवायचा विचार मनातसुद्धा आणू नका. दोरखंड नको, साखळी नाहीतर चांगला बेल्ट.

उन्हाळ्यात हे काम काढू नका, आपल्याकडं एप्रिल-मेमधे सकाळी दहाला पत्रा हात लावू देत नाही. आम्ही पहाटे सहाला सुरू करणार. इंजिन बे धुवायचा असेल तर नळाला पाणी यायच्या दिवशीच धुऊन घ्या, ऐनवेळी बॅरल रिकामा असतो. मडगार्डवर मी जुनी सोलापुरी चादर दुहेरी घालतो, साखळी घासली तरी रंग जात नाही. पण टॉवेल इंजिनजवळ आणू नका, त्याचा धागा सुटतो आणि इनलेटमधे नाहीतर क्लचमधे जाऊन बसतो, पुसायला बनियनचं कापडच बरं.

आता क्लच, ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतोय. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाचं जड चाक, थिनरनं पुसून घ्या, नंतर बोटसुद्धा लावू नका, तेलकट ठसा राहिला की क्लच सोडताना गाडी थरथरते. क्लच प्लेटची स्प्रिंगवाली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडं येते, उलटी बसली तर सगळं परत खोलायचं. प्लेट मधोमध धरायला स्क्रॅपवाल्याकडनं त्याच मॉडेलच्या गिअरबॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट (क्लच प्लेट ज्याच्यावर बसते तो दांडा) आणून ठेवलाय, नसेल तर लेथवाल्याकडनं लाकडाचा तसा दांडा करून घ्या. तो घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा असे आवळायचे. शेवटी शाफ्ट दोन बोटांनी आत-बाहेर सरकला पाहिजे, तरच बरोबर. क्रँकच्या टोकाचा पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक ह्याच्यात बसतं) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवतं ते) नवीनच टाका, इंजिन एवढं बाहेर असताना तिथं पैसे वाचवण्यात अर्थ नाही. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी चिमूटभर, जास्त झालं तर ते फिरताना प्लेटवर उडतं. आणि गिअरबॉक्स जोडताना फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढून घ्यायची नाही, घरी काम करणारे हीच चूक करतात, त्यात हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, कान तुटतो नाहीतर प्लेट वाकते. खाली जॅक लावून उंची जुळवा, क्रँक जरा फिरवा, जागेवर आलं की ते आपोआप बसतं. तोपर्यंत गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू द्यायचं नाही.

मी दोन्ही बाहेरच जोडून एकत्र सोडणार, गाडीखाली झोपून गिअरबॉक्स छातीवर घेण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. रेडिएटर, पंखा, कार्बोरेटर, डायनामो, डिस्ट्रिब्युटर सगळं काढलेलं पाहिजे. शेपूट खाली आणि तोंड वर असं तिरकं जातं, म्हणून गिअर ऑइल आधी भरायचं नाही, मागनं सगळं वाहून जातं. नव्वद नंबरचं जीएल-4 प्रतीचं गिअर ऑइल आणून ठेवा, पितळी सिंक्रो रिंगांना तेच चांगलं.

पाने म्हणाल तर पद्मिनीला मिमीचेच लागतात, गोटी पाने, रिंग पाने, लांब एक्स्टेन्शन आणि टॉर्क रिंच, पण अँबॅसिडरवाल्यांनी इंची सेट घ्यावा. बोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवून वर चिठ्ठी लावा, हाउसिंगचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. माउंटिंगचे रबर नवीन. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडनं मागच्या चाकांकडं ओढ नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर खूण करूनच तो काढलेला असावा, जसा होता तसाच लागला पाहिजे. स्पीडोमीटरची केबल आधीच बाजूला बांधून ठेवा, नाहीतर ती मधे चेंगरते.

मागच्या वेळी माझ्याकडनं इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन गाडीच्या बॉडीला जोडणारी तार) लावायची राहिली होती. स्टार्टर मारला तसा सगळा करंट चोकच्या केबलमधनं गेला, केबल लाल झाली आणि डॅशबोर्डखालनं धूर आला, दाजींनी पटकन बॅटरीचं टर्मिनल उपसलं म्हणून गाडी वाचली. म्हणून यंदा ती पट्टी घासून, नट-बोल्टसकट, स्टिअरिंगला बांधून ठेवलीय, ती जागेवर लागल्याशिवाय बॅटरी घराबाहेर येणार नाही.

माणसं तीन पुरे. कुप्पीवर दाजी, शेपटाला भाचा, मी पुढं. ‘थांब’ कुणीही म्हणलं तरी साखळी थांबली पाहिजे आणि लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय कुणाचाच नको. शेजारची पोरं बघायला येणारच, त्यांना गेटच्या बाहेर.

चालू करायच्या आधी ऑइल, कूलंट, गिअर ऑइल भरलंय का तिघांनी आपापलं बघायचं. प्लग काढून स्टार्टर मारायचा, थोडा थोडा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, मगच प्लग लावायचे, वायरी 1-3-4-2 ह्या क्रमानं, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायच्या क्रमानं. कॅम आणि टॅपेट नवीन असतील तर पहिली पंधरा-वीस मिनिटं आयडलवर सोडायचं नाही, रेस जरा वर धरायची, एकानं टेम्परेचरवर नजर ठेवायची आणि एकानं खाली टॉर्च मारून गळती बघायची. बॉनेट त्या दिवशी लावायचं नाही. बिजागऱ्यांवर मार्करनं खुणा केल्यात, सोमवारी संध्याकाळी सगळे नट परत एकदा तपासले की मगच ते वर चढेल.