‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये दमदार धनुर्धारी रेंजर कसा घडवावा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळात ‘रेंजर (रानात वावरणारा योद्धा) कमजोर पडतो’ असं कुणी म्हणालं की आधी त्याचं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद, पाहावं. बहुतेक वेळा त्यात तलवार, धनुष्य, पाळीव प्राणी, जादू असं सगळंच थोडं थोडं भरलेलं असतं. रेंजरला एकच काम नेमून द्या. इथे आपण धनुर्धारी घडवू, २०१४ च्या नियमांप्रमाणे.

शीट भरण्यापूर्वी डंजन मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) विचारा: मोहीम जंगलात आहे की भुयारात, आणि गाठ कुणाशी पडणार? ज्यांच्याबाबत रेंजरला खास फायदे मिळतात तो आवडता शत्रू आणि आवडता प्रदेश पहिल्याच लेव्हलला निवडावा लागतो. अंदाजाने निवडलात तर दोन्ही वाया जातात.

मग गुण. ठरलेल्या आकड्यांतले १५ डेक्स्टेरिटीला (चपळाई), १४ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा), १३ विज्डमला (शहाणपण) द्या. पात्राचा वंश वुड एल्फ घेतलात तर डेक्स्टेरिटी १७ आणि विज्डम १४ होते, शिवाय परसेप्शन (टेहळणीचं कौशल्य) आयतं मिळतं. स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) आणि सर्व्हायव्हल (रानात तगण्याचं) स्वतःहून घ्या. चिलखत लेदरचंच बरं. स्केल मेलने (धातूच्या खवल्यांच्या चिलखताने) संरक्षण वाढतं, पण लपणं अवघड होतं.

दुसऱ्या लेव्हलला खरी मजा सुरू होते. फायटिंग स्टाइल म्हणून आर्चरी घ्या. धनुष्याच्या प्रत्येक नेमाला, म्हणजे नेम लागतो का ते ठरवणाऱ्या फाशाला, +२ मिळतात. स्पेलमध्ये (मंत्रांत) हंटर्स मार्क हवाच. बोनस अ‍ॅक्शनने (पाळीतल्या एका जादा छोट्या कृतीने) ९० फुटांतल्या शत्रूवर खूण करायची. मग त्याला लागणाऱ्या प्रत्येक बाणामागे सहा बाजूंचा एक फासा जादा. तो शत्रू पडला की पुढच्या पाळीत तीच खूण दुसऱ्यावर न्यायची, नवा स्लॉट (मंत्र वापरण्याची मोजकी संधी) लागत नाही.

पण हा मार्क कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येणाऱ्या एकाग्रतेवर, टिकतो. तुम्हाला मार बसला की ती टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (बचावाचा फासा), तोही किमान १० चा, आणि रेंजरला त्यात प्रोफिशियन्सी (प्रावीण्याची भर) नाही. या लेव्हलला स्लॉट दोनच असतात, म्हणून मार्क तुटणं महागात पडतं. खूण करून झाली की मागे सरा. लाँगबो १५० फुटांपर्यंत सरळ मारतो. शत्रू पाच फुटांत शिरला, तर नेमही बिघडतो.

तिसऱ्या लेव्हलला हंटर हा उपप्रकार आणि त्यातलं कोलॉसस स्लेयर (जखमी शत्रूवर पाळीत एकदा आठ बाजूंचा जादा फासा) घ्या. चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १८ करा. पाचव्याला दोन बाण सुटू लागतात, आणि मग हिशेब बघा: नेमाला +९, प्रत्येक बाणाचे सरासरी साडेचार, डेक्स्टेरिटीचे ४, मार्कचे साडेतीन, म्हणजे १२. दोन्ही लागले तर २४, आणि शत्रू आधीच जखमी असेल तर वर आणखी साडेचार.

याच लेव्हलला पास विदाउट ट्रेस हे स्पेल घेता येतं. जवळच्या सगळ्या साथीदारांच्या स्टेल्थला +१० मिळतात. जड चिलखतातला पॅलाडिनसुद्धा (धर्मयोद्धा) पहारेकऱ्यांच्या नाकाखालून निसटू शकतो. त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, त्यामुळे मार्क आणि हे एकाच वेळी चालत नाहीत. पोचेपर्यंत हे चालू ठेवा, लढाईला तोंड फुटलं की सोडून द्या आणि पहिल्या शत्रूवर खूण करा.