जर्मनीत शिकायला जाताय? शनिवारची पिशवी विसरू नका

दुपारी एकला शटर ओढून चारला उघडणारी दुकानं आपण गोव्यात फोंडा-म्हापशात लहानपणापासून बघतो. जर्मनीत दुपारी झोप नाही, पण रविवारी जवळजवळ सगळा बाजार बंद! माझ्या पहिल्या रविवारी खोलीत फक्त आईनं दिलेली कोकमाची सोलं आणि अर्धा किलो उकडे तांदूळ होते. कांदा नाही, दूध नाही. त्यामुळे दूध, भाजी, अंडी शनिवारी संध्याकाळीच भरायची. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, पण महाग. पाव मात्र रविवारी सकाळी काही बेकऱ्यांत मिळतो. फक्त दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याचा पोंऽऽ ऐकू येणार नाही, आपणच उठून जायचं.

शनिवारी जाताना रिकाम्या बाटल्याही न्या. पाण्याच्या वापरून टाकायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतात. सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली टाकली की चिठ्ठी येते, ती तिथल्याच काउंटरवर दाखवली की बिलातून पैसे वजा. बाटली चेपू नका, लेबल काढू नका. यंत्र लेबलवरची खूण वाचतं आणि वाचता आली नाही तर बाटली परत ढकलतं. दहा बाटल्या म्हणजे अडीच युरो, विद्यार्थ्याला ते कमी नाहीत.

अनामत नसलेल्या काचेच्या बरण्यांसाठी रस्त्यावर वेगळे डबे असतात. तिथं रविवारी खळ्ळकन बरणी टाकायची नाही, शेजारची आजी खिडकीतून बघत असते.